कान टोचायचे, पण ठरवायचं कुणी?

कॉलेजात नुकत्याच गेलेल्या मुलामुलींना आज कानाच्या वरच्या कडेला, नाकाच्या मधल्या पडद्यात, भुवईत, बेंबीत दागिना हवा असतो. ‘हेलिक्स’, ‘सेप्टम’ हे शब्द त्यांच्या तोंडी रुळलेत आणि त्यावरून घरोघरी वाद होतात. ज्या घरात मुलीला ‘हे असले प्रकार नकोत’ असं सांगितलं जातं, त्याच घरात तिचे कान ती पाळण्यात असतानाच सोनाराला बोलावून टोचलेले असतात. अंगाला भोक पाडायला आपल्याकडे कधीच हरकत नव्हती. वाद आहे तो ते ठरवायचं कुणी, याचा.

आपल्या परंपरेत हे मोठ्यांनी ठरवायचं. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला सोळावा अध्याय कान टोचण्यावर आहे, आणि तो आजही वाचावा इतका बारकाईने लिहिलेला आहे. मूल सहा-सात महिन्यांचं झालं की शुक्ल पक्षात, चांगला दिवस पाहून, त्याला दाईच्या मांडीवर बसवायचं आणि खेळण्यांनी रमवायचं. वैद्याने डाव्या हाताने पाळी ओढून उन्हाच्या प्रकाशात जिथे ती आपसूक पातळ दिसते तिथेच टोचायचं. पातळ पाळीला सुई, जाड पाळीला आरी. मुलाचा उजवा कान आधी, मुलीचा डावा. मग कापसाची वात घालून तेल लावायचं आणि दर तीन दिवसांनी वात थोडी जाड करत न्यायची. रक्त फार आलं, वेदना फार झाली, तर जागा चुकली असं समजायचं. अडाण्याच्या हातून शीर विंधली गेली तर ताप, सूज, मान आखडणं असे विकार होतात, तेही त्यात सांगितलं आहे. हे सगळं कशासाठी, तर रक्षणासाठी आणि भूषणासाठी. लेकराची संमती विचारण्याचा प्रश्नच नव्हता.

नाकाची गोष्ट वेगळी आहे. नथ म्हणजे सनातन काळापासूनची, अशी आपली ठाम समजूत असते. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले परशुराम कृष्ण गोडे यांनी १९३८च्या सुमारास या दागिन्याच्या प्राचीनतेवर एक लेख लिहिला. संस्कृत वाङ्मयात त्यांना इसवी सन १०००च्या आधीचा नाकातल्या दागिन्याचा भरवशाचा उल्लेख सापडला नाही. इतिहासकार अनंत सदाशिव आळतेकरांनीही जुन्या शिल्पांकडे बोट दाखवून हेच मांडलं. कार्ल्याच्या चैत्याबाहेरच्या जोडप्यांकडे पाहा. कानांत भली जड कुंडलं आहेत, नाक मात्र मोकळं आहे. तरीही पेशवाईपर्यंत नथ इतकी मुरली की तिच्याशिवाय मराठी नवरी डोळ्यांसमोर येत नाही. मला यात नथीचा कमीपणा वाटत नाही. परंपरेत नवं येऊन मिसळतं आणि दोन-तीन पिढ्यांत ते मुळापासूनचं वाटू लागतं, याचा इतका स्वच्छ दाखला दुसरा मिळणं कठीण.

तरुणांना हव्या असलेल्या जागाही पुष्कळशा आपल्या ओळखीच्याच आहेत. मुलगी ज्याला हेलिक्स म्हणते त्या कानाच्या वरच्या कडेला तिच्या पणजीची बुगडी असायची आणि पुरुषांच्या उजव्या कानात भिकबाळी. नाकाच्या मधल्या पडद्यात बुलाक असे. आज ढोल-ताशा पथकांतल्या कितीतरी मुलांच्या कानांत भिकबाळी दिसते; कुणाची टोचून घेतलेली, कुणाची नुसती दाबून बसवलेली.

स्वतः ठरवून टोचून घेण्याचीही परंपरा आपल्याकडे होती, पण ती संसार सोडणाऱ्यांची. नाथपंथी जोगी दीक्षेच्या वेळी कानाची पाळी नव्हे, तर मधली कूर्चा, म्हणजे कानाचा कडक पण लवचिक भाग, चिरून घेत आणि तिथे मोठी कुंडलं घालत. म्हणून लोक त्यांना कानफाटे म्हणत. तिथे भोक ही त्या माणसाने स्वतः पत्करलेल्या वाटेची खूण होती. आजच्या सोळा वर्षांच्या मुलाला आपल्या कानाबद्दल जे वाटतं, त्याच्या जवळ जाणारं काही आपल्या इतिहासात शोधायचं तर मी बारशाकडे न जाता इथे येईन.

आजची लाट मात्र पश्चिमेकडून आली. साठ-सत्तरच्या दशकांत भारतात आणि गोव्यात हणजुण्याच्या किनाऱ्यावर येऊन राहिलेल्या हिप्पी तरुणांनी नाकातली चमकी परत जाताना सोबत नेली. १९७६-७७च्या सुमारास लंडनच्या पंक, म्हणजे बंडखोर रॉक संगीताच्या नादातल्या, पोरांनी गालात, कानात सेफ्टी पिना अडकवल्या. त्यांना भूषण नकोच होतं, समोरच्याला धक्का हवा होता. आणि १९७५ साली लॉस एंजेलिसमध्ये जिम वॉर्ड नावाच्या माणसाने ‘गॉन्टलेट’ हा अंग टोचून देण्याचा व्यवसाय घरातूनच सुरू केला. १९७८ साली त्याचं दुकान झालं. गिऱ्हाइकं बहुतेक समलिंगी पुरुष होती, ज्यांना उघडपणे जगण्याची मुभा नव्हती. पोकळ सुई कशी वापरायची, कोणत्या जागेला कसला दागिना, जखम कशी जपायची, हे आधुनिक तंत्र बरंचसं त्या दुकानात घडलं. एका वाळीत टाकलेल्या समाजाने स्वतःच्या शरीरावर हक्क सांगताना हे कौशल्य उभं केलं, ही गोष्ट आजच्या मुलांना कुणीतरी सांगायला हवी.

त्याऐवजी त्यांच्यापर्यंत भलताच इतिहास पोहोचतो. रोमन सैनिक छातीतल्या कड्यांना अंगरखे अडकवत, इजिप्तमध्ये बेंबी टोचून घेण्याचा मान फक्त राजघराण्याला होता, अशा कथा आजही फिरतात. वॉर्डला भांडवल देणाऱ्या डग मॅलॉय या टोपणनावाच्या गृहस्थाने सत्तरच्या दशकात एका पत्रकातून त्या पसरवल्या. त्यांना पुराव्याचा आधार नाही. आणि खोट्याची गरजही नव्हती. १९९१ साली आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या, पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या ‘ओत्झी’ या गोठलेल्या माणसाच्या कानांच्या पाळ्या टोचून रुंद केलेल्या होत्या. खरा इतिहास इतका जुना आहे.

घराघरांत हे सगळं पोहोचलं ते १९९३ नंतर. त्या वर्षी एरोस्मिथ या रॉक बँडच्या एका व्हिडिओत नायिका बेंबी टोचून घेताना दिसली आणि अमेरिकेतल्या मुलींच्या रांगा लागल्या. पुढच्याच वर्षी तिथल्या व्यावसायिकांनी स्वच्छतेचे नियम ठरवायला स्वतःची संघटना काढली. आपल्याकडे २००५ साली अठरा वर्षांची सानिया मिर्झा नाकात वाळी घालून टेनिस कोर्टवर उतरली, तेव्हा तो दागिना आजीचा आणि नातीचा एकाच वेळी झाला.

आईबापांची भीती मला खोटी वाटत नाही, फक्त ती चुकीच्या जागी लागते. पाळी मऊ असते, तिथे रक्तपुरवठा चांगला, सहा-आठ आठवड्यांत जखम बरी होते. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, म्हणून वरचा कान बरा व्हायला कित्येक महिने जातात आणि बेंबीला कधी वर्षही. त्यात दुकानातली टोचायची स्प्रिंगची गन बोथट खडा जोराने आत ढकलते. प्लास्टिकचे भाग असलेली गन ऑटोक्लेव्ह या यंत्राच्या दाबाखालच्या वाफेत निर्जंतुकही करता येत नाही. २००० साली अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात एकाच ठिकाणी टोचून घेतलेल्या ७ जणांच्या वरच्या कानाला स्यूडोमोनास जंतूचा संसर्ग झाल्याचं सिद्ध झालं. सगळे १० ते १९ वर्षांचे होते. जंतू सापडले ते जंतुनाशकाच्याच बाटलीत. सुश्रुताने जागेबद्दल आणि अडाणी हाताबद्दल दिलेला इशारा इथे शब्दशः लागू पडतो. मुलांशी बोलायचंच तर सुई नवी आहे का, धातूत निकेल आहे का, टोचणाऱ्याचे हात कसे आहेत, यावर बोलावं.

हक्काच्या प्रश्नाचं सर्वांत विचारपूर्वक उत्तर मला दक्षिण आफ्रिकेत सापडतं. २००४ साली डर्बन गर्ल्स हायस्कूलमधली दक्षिण भारतीय वंशाची एक मुलगी सुट्टीत नाक टोचून चमकी घालून आली. शाळेच्या नियमात ती बसत नव्हती. मुलगी वयात आली की नाकात चमकी, आणि सोळाव्या वर्षी आजीच्या हातून नवा खडा, अशी त्या घराची रीत, हे आईने सांगितलं. प्रकरण समता न्यायालयात गेलं. तिथे शाळा जिंकली. वरच्या न्यायालयात मुलीची बाजू जिंकली आणि शेवटी घटना न्यायालयाने ५ ऑक्टोबर २००७ रोजी निकाल दिला. शाळेचा एक युक्तिवाद असा होता की चमकी धर्माने सक्तीची नाही, मग सूट कशाला? सरन्यायाधीश पायस लांगा यांनी तो मान्य केला नाही. परंपरेने लादलेलं जसं जपायचं तसंच माणूस स्वेच्छेने परंपरेतून जे उचलतो तेही जपायचं, असं त्यांनी म्हटलं. इतर मुलंही मग मागण्या घेऊन पुढे येतील, या भीतीवर त्यांचं म्हणणं होतं की तसं झालं तर ते साजरं करण्याजोगं आहे. मुलगी तोवर शाळेतून बाहेर पडली होती. न्यायालयाने शाळेला नियमावली बदलून अशा विनंत्या ऐकून घेण्याची रीतसर सोय करायला सांगितली.