राळेचं मलम नेमकं कुणाला मारतं?

थंडी पडली की मोबाइलवर राळेच्या मलमाचा व्हिडिओ हमखास फिरू लागतो. काशाचं ताट, तिळाच्या गरम तेलात विरघळवलेली राळ, वरून गार पाणी, आणि मग तळहाताने फेटत राहायचं. पाणी ओतून टाकायचं, नवं घ्यायचं, पुन्हा फेटायचं. पिवळट तेलाचं बघता बघता लोण्यासारखं पांढरंशुभ्र मलम होतं. (यात चमत्कार नाही. तेलात अडकलेले पाण्याचे बारीक थेंब प्रकाश विखुरतात.) टाचांच्या भेगांना हे मलम आपल्याकडे कित्येक पिढ्या लावत आल्या आहेत, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती व्हिडिओच्या शेवटी येणाऱ्या दाव्याबद्दल: इसब, गजकर्ण, नागीण, सगळ्यांवर रामबाण, आणि नैसर्गिक असल्यामुळे साइड इफेक्ट शून्य.

आधी एक घोळ निस्तरू. झाडातून पाझरणाऱ्या प्रत्येक चिकट पदार्थाला आपण डिंक म्हणून मोकळे होतो. डिंक, म्हणजे लाडवातला बाभळीचा किंवा धावड्याचा, हा साखरेच्या रेणूंची लांबलचक साखळी असतो. पाण्यात फुगतो, विरघळतो. राळ पाण्याला दाद देत नाही, ती तेलात किंवा स्पिरिटमध्ये विरघळते. डिंक जळताना करपतो, राळ भडकते. कोकणात दशावतारात राक्षस रंगमंचावर येताना जो जाळ उठतो, तो राळेच्या पुडीचाच.

झाड ही राळ आपल्या टाचांसाठी बनवत नाही. पाइन किंवा स्प्रूसच्या सालीत भुंगेरा शिरला की राळवाहिन्या फुटतात आणि कीटक चिकात बुडतो. चिकातलं टर्पेंटाइन उडून जातं, मागे राहतो तो घट्ट गोळा. त्यात मुख्यतः राळाम्लं असतात, त्यांतलं सगळ्यांत प्रसिद्ध ॲबिएटिक आम्ल.

या आम्लांचा वैद्यकीय अभ्यास झाला तो फिनलंडमध्ये. तिथे स्प्रूसची राळ लोण्यात किंवा चरबीत उकळून जखमांना लावायची जुनी पद्धत आहे. आर्नो सिप्पोनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या शय्याव्रणांवर हे मलम तपासलं. ११ रुग्णालयं, ३७ रुग्ण. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट, एकाला राळेचं मलम, दुसऱ्याला नेहमीचं आधुनिक ड्रेसिंग. २००८ साली निकाल प्रसिद्ध झाला: सहा महिन्यांत राळेच्या गटातल्या १३ पैकी १२ जणांचे व्रण पूर्ण भरले, दुसऱ्या गटात ९ पैकी ४ जणांचे. आकडे झकास आहेत, पण १३ आणि ९ मिळून २२ होतात. बाकीचे १५ जण शेवटपर्यंत चाचणीत टिकलेच नाहीत. शय्याव्रणाचे रुग्ण वयस्क आणि आजारी असतात, तेव्हा गळती व्हायचीच. पण एवढ्या छोट्या चाचणीवरून दवंडी पिटू नये.

मला मोह पडतो तो पुढच्या प्रश्नाचा. राळ जिवाणूला मारते कशी?

पू करणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू घ्या. अन्नाचं ज्वलन करताना तो हायड्रोजनचे धनभारित केंद्रक, म्हणजे प्रोटॉन, आपल्या पटलातून, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ पडद्यातून, बाहेर ढकलत राहतो. बाहेर प्रोटॉन जास्त, आत कमी. हा फरक म्हणजे कोयनेच्या धरणात अडवलेलं पाणी समजा. पाणी टर्बाइनमधून खाली येतं तेव्हा वीज होते. प्रोटॉन एका फिरत्या प्रथिनातून आत येतात तेव्हा एटीपी, म्हणजे पेशीचं चलनी इंधन, तयार होतं. ब्रिटिश जीवरसायनशास्त्रज्ञ पीटर मिचेल यांनी ही कल्पना १९६१ मध्ये मांडली तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली. १९७८ मध्ये तिलाच रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पटलाच्या दोन बाजूंमधला विद्युतदाब जेमतेम १५० मिलिव्होल्टच्या आसपास, पण पटलाची जाडी असते पाच-सहा नॅनोमीटर. भागाकार केला तर मीटरला अडीच-तीन कोटी व्होल्ट येतात. हवेत ठिणगी पडायला तीस लाख पुरतात!

राळाम्ल हे तेलकट आणि सौम्य आम्ल. तेलकट असल्यामुळे पटलात बिनदिक्कत शिरतं आणि सौम्य आम्ल असल्यामुळे प्रोटॉन उचलू शकतं, सोडूही शकतं. म्हणजे बाहेर प्रोटॉन उचलायचा, पटलातून पोहत आत जायचं, तिथे सोडायचा, परत यायचं. टर्बाइनला वळसा घालून पाणी खाली. जिवाणू प्रोटॉन बाहेर ढकलत राहतो, पण हाती इंधन येत नाही. फिनलंडच्या गटाने राळेच्या संपर्कात आलेल्या स्टॅफिलोकॉकसमध्ये हा विद्युतदाब कोसळलेला पाहिला. शिवाय त्याची पेशीभित्ती जाड झाली होती आणि पटलातल्या मेदाम्लांचं प्रमाण बदललं होतं. प्रतिजैविकांना न जुमानणारा याच जिवाणूचा प्रकार, एमआरएसए, तोही प्रयोगशाळेत राळेपुढे नमला.

आता मर्यादा. स्यूडोमोनास, ई. कोलाय यांसारख्या ग्राम-निगेटिव्ह जिवाणूंना आणखी एक बाहेरचं पटल असतं आणि तेलकट रेणू तिथेच अडतात. तेव्हा मधुमेह्याच्या पायातून हिरवट पू (बहुधा स्यूडोमोनासचा) येत असेल तर मलम फेटत बसू नका. नागिणीचं तर गणितच वेगळं. ती विषाणूमुळे होते आणि विषाणूला एटीपी बनवायचा कारखानाच नसतो, मग बंद काय पाडणार? नागिणीच्या तोंडाला शेपूट लागलं की माणूस दगावतो, ही भीती अजून गावोगावी आहे. कांजिण्यांचा तोच विषाणू मज्जातंतूच्या मुळाशी दडून बसलेला असतो आणि त्या मज्जातंतूच्या वाटेने, बहुधा शरीराच्या एकाच बाजूला, बाहेर येतो. विळखा पूर्ण होत नाही तो म्हणूनच. विषाणूविरोधी औषध पहिल्या ७२ तासांत सुरू झालं तर चांगला उपयोग होतो. ते तास लेप लावण्यात जातात.

दुसरी गोष्ट दुकानाची. आयुर्वेदातली राळ सालवृक्षाची, आणि तिच्यात राळाम्लं नव्हे, ट्रायटर्पिन नावाचे वेगळे रेणू मुख्य असतात. फिनलंडचे निकाल तिला जसेच्या तसे लावता येत नाहीत. गंमत म्हणजे किराणा दुकानात राळ म्हणून हाती येते ती पुष्कळदा चीडाची, म्हणजे पाइनची असते.

आणि पाइनच्या राळेला ॲलर्जीचा जुना इतिहास आहे. शुद्ध ॲबिएटिक आम्ल तसं निरुपद्रवी, पण हवेतला ऑक्सिजन त्याला लागला की हायड्रोपेरॉक्साइडं नावाची चटकन अभिक्रिया करणारी संयुगं बनतात. ती त्वचेतल्या प्रथिनांना चिकटतात, प्रतिकारयंत्रणा त्या जोडीला परकं समजते आणि लक्षात ठेवते. पुढच्या वेळी मलम लावलं की दिवसा-दोन दिवसांत खाज, लाली, पाणी भरलेले फोड. यालाच ‘आतलं विष बाहेर पडतंय’ म्हणत आणखी मलम चोपडणारे महाभाग आहेत. बाहेर काही पडत नसतं, ही ॲलर्जी असते, आणि एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते. राळेची पूड करून ठेवली की हवेला मिळणारा पृष्ठभाग वाढतो, म्हणून डब्यातली जुनी पूड ताज्या खड्यापेक्षा जास्त घातक.

चिकटपट्टीने किंवा वॅक्सिंगने ज्यांच्या अंगावर पुरळ उठतं, त्यांनी तर आधी त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच टेस्ट करून घ्यावी, कारण त्या दोन्हींतही राळ असू शकते. व्हॅसलीनमध्ये २० टक्के राळ मिसळून ती पाठीवर दोन दिवस चिकटवून ठेवतात. पट्टी काढल्यावर एकदा आणि पुढे एक-दोन दिवसांनी पुन्हा त्वचा पाहतात, कारण ही ॲलर्जी उशिरा उमटते.