गाजराची पुंगी आणि पपईचा देठ

'गाजराची पुंगी, वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाल्ली.' ही म्हण येता-जाता आपल्या तोंडी असते, पण ती पुंगी खरंच वाजते का, हे करून बघणारे थोडेच. मी करून पाहिली. पुंगी काही वाजली नाही, त्याच गाजराची बासरी मात्र छान वाजली. असं का झालं, हे कळलं की फुंकून वाजवायच्या वाद्यांचं अर्धं गुपित उलगडतं.

पुंगीला जीभ लागते. सनईवाले जिला पत्ती म्हणतात तीच ही, पातळ आणि लवचिक. फुंकर बसली की दबायची आणि लगेच पूर्वपदावर यायची. गाजर कापून अशी जीभ काढायला गेलं की ती एक तर जाड राहते, नाही तर तुटते. पपईच्या देठात मात्र हे सगळं आयतं मिळतं.

पपईच्या झाडाचं एक मोठं, हिरवं पान देठासकट काढा. देठ आतून पोकळ असतो, पण पानाकडचं टोक बंद असतं. पान छाटताना ते बंद टोक शाबूत ठेवा. खोडाकडची फुगीर बाजू कापून टाकली की एका बाजूने उघडी, हात-दीड हात लांबीची नळी हाती येते. कापल्यावर पांढरा चीक ओघळेल. तो ओठांना लागला तर आग होते, म्हणून देठ वाहत्या पाण्याखाली धुऊन दहा मिनिटं निथळत ठेवा. मग बंद टोकापासून बोटभर जागा सोडून धारदार पात्याने देठाच्या लांबीच्या दिशेने चार-पाच सेंटिमीटरची फट पाडा. चीर एकाच बाजूच्या भिंतीला पडली पाहिजे, आरपार नको. मुलांना करायचं असेल तर चीर मोठ्या माणसाने पाडावी. आता फट पूर्ण तोंडात जाईल इतकं टोक आत घ्या, ओठ घट्ट मिटा आणि जोरात फुंका. पहिल्या दोन-तीन खेपांना नुसती फुसफुस होते. मग एकदम रेड्याच्या हंबरण्यासारखा भोंगा निघतो आणि अंगणातली मुलं धावत येतात.

आत काय होतं? तोंडातल्या दाबाने फटीच्या कडा मिटतात, स्वतःच्या ताठपणाने पुन्हा उघडतात. दर उघडझापेला हवेचा एक ठोका नळीत शिरतो, उघड्या टोकापर्यंत जाऊन परततो आणि फटीची पुढची उघडझाप कधी व्हायची ते ठरवतो. म्हणून देठ टोकाकडून थोडा थोडा कापत गेलात तर आवाज चढत जातो. हे एकदा करून बघाच, पुस्तकातल्या दहा आकृत्यांपेक्षा जास्त कळतं.

वारल्यांचा तारपा याच कुळातला. जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांत नाचणाऱ्यांचं वेटोळं ज्याच्याभोवती फिरतं, तो तारपेवाला आठवा. सुकवलेल्या दुधी भोपळ्यात हवा साठते, खाली बांबूच्या दोन नळ्यांत जिभा बसवलेल्या असतात, सांधे मेणाने बुजवलेले असतात. वादक नाकाने श्वास घेत गाल दाबून फुंकर चालू ठेवतो, म्हणून सूर तुटत नाही.

आता गाजर. बासरीला जीभ लागतच नाही, तिथे हवाच जिभेचं काम करते. जाडजूड गाजराचा देठाकडचा भाग सपाट कापा आणि मधोमध बोटाएवढं, दहा सेंटिमीटर खोल भोक पाडा. ते आरपार जाऊ देऊ नका. कडेला खालचा ओठ टेकवून बाटलीवर फुंकतो तसं फुंका. फुंकरीची पातळ धार समोरच्या कडेवर आपटून कधी आत, कधी बाहेर झुलते आणि पोकळीतली हवा थरथरू लागते. एका टोकाने बंद असलेल्या नळीत तिच्या लांबीच्या चौपट लहर मावते, म्हणजे इथे ४० सेंटिमीटर. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर धावतो, तेव्हा कंपनं सेकंदाला ८६० च्या आसपास. प्रत्यक्षात थोडी कमीच भरतात, कारण तोंडाशी असलेली थोडी बाहेरची हवाही या थरथरीत सामील होते.

भोक पाडण्याचे हे कष्ट माणसाने सुरुवातीला बहुधा टाळलेच असावेत. जर्मनीतल्या होले फेल्स गुहेत २००८ मध्ये सापडलेली बासरी गिधाडाच्या पंखातल्या हाडाची आहे. ती पस्तीस हजार वर्षांहून जुनी, सुमारे २२ सेंटिमीटर लांब, आणि तिला बोटांसाठी पाच भोकं आहेत. उडणाऱ्या पक्ष्याचं हाड मुळातच पोकळ. कोरणाऱ्याला फक्त बोटांच्या जागा ठरवायच्या होत्या, आणि त्या ठरवायला कान लागतो. मला या बासरीत सगळ्यात थोर वाटतो तो हा कान.

गाजराची अडचण वेगळी. ते बहुतांशी पाणीच, त्यामुळे सुकलं की आक्रसतं आणि सूर हलतो. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं तर थोडं टिकतं. व्हिएन्नामध्ये १९९८ पासून भाज्यांची वाद्यं वाजवणारा एक वाद्यवृंद आहे. त्यांना गाजराच्या बासऱ्या दर कार्यक्रमाला नव्याने कोराव्या लागतात. आणि कार्यक्रम संपला की प्रेक्षकांना भाज्यांचं गरम सूप वाढतात.