पतसंस्थेतील ठेव आणि ५ लाखांचा विमा

‘पतसंस्थेतील ठेवीलाही बँकेप्रमाणे ५ लाख रुपयांपर्यंत विमासंरक्षण असते’, असा संदेश बराच काळ फिरतो आहे. तो खरा नाही. हे संरक्षण बँकिंग परवाना असलेल्या बँकांतील ठेवींना, नागरी सहकारी बँकांसह, मिळते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० अन्वये नोंदलेली पतसंस्था मात्र बँक नसल्याने तेथील ठेवी त्यात येत नाहीत. नागपूरच्या इतवारी बाजारातल्या दुकानदाराकडून दैनिक ठेव नेणारा प्रतिनिधी कोणत्या संस्थेचा, हे त्याच्या पावतीवर एकदम लक्षात येत नाही, त्यामुळे गैरसमज स्वाभाविकच आहे. पासबुकावरील पूर्ण नाव वाचावे: ‘सहकारी बँक’ की ‘सहकारी पतसंस्था’? सभासदाला याच अधिनियमाच्या कलम ३२ नुसार शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद संस्थेच्या कार्यालयात विनामूल्य पाहता येतो. त्यात राखीव निधी आणि थकीत कर्जांसाठीची तरतूद आधी पाहावी, लाभांश नंतर.