'ब्लू ट्रेन'मागची तालीम

जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या 'ब्लू ट्रेन' या रेकॉर्डमध्ये सगळ्यात आधी जाणवते ती शिस्त. टेनर सॅक्सोफोन, ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन मिळून एक जडशीळ ओळ वाजवतात, थबकतात, पुन्हा उचलतात. ऐनवेळी जमलेल्या मंडळींकडून हे होत नाही.

1957 च्या वसंतात कोल्ट्रेनची अवस्था वाईट होती. हेरॉइन आणि दारूपायी ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसने त्याला आपल्या पंचकातून, म्हणजे पाच वादकांच्या संचातून, काढून टाकलं. फिलाडेल्फियात आईच्या घरी जाऊन त्याने हेरॉइन सोडलं. मग उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या 'फाइव्ह स्पॉट' या जॅझ क्लबमध्ये पियानोवादक थेलोनियस मंकबरोबर रात्रीमागून रात्री वाजवणं सुरू झालं. मंकच्या अवघड स्वररचना रोज हाताखालून जाऊ लागल्या, त्याहून कडक गुरुकुल कुठलं?

तोवर कोल्ट्रेनचा करार 'प्रेस्टीज' या रेकॉर्ड कंपनीशी झाला होता. पण 'ब्लू नोट' या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीच्या आल्फ्रेड लायनला त्याने त्याआधीच एका रेकॉर्डचा शब्द दिला होता, तोही तोंडी. जुन्या पिढीतल्या सिडनी बेशे या जॅझ वादकाच्या रेकॉर्डी मागायला कोल्ट्रेन ब्लू नोटच्या कचेरीत गेला आणि थोडी उचल घेऊन बाहेर पडला, असं सांगतात. शब्द त्याने पाळला.

खरा फरक इथे पडला. प्रेस्टीजमध्ये वादक यायचे, तिथल्या तिथे सुरावट ठरवायचे आणि वाजवून जायचे. बर्लिनहून निर्वासित होऊन आलेला लायन मात्र तालमीचेही पैसे देई. त्यामुळे कोल्ट्रेनला स्वतःच्या नव्या, गुंतागुंतीच्या रचना मांडता आल्या. रेकॉर्डवरच्या पाचांपैकी चार त्याच्याच आहेत. 'मोमेंट्स नोटिस' (म्हणजे 'ऐनवेळी') या रचनेतले कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरसमूह, इतक्या भराभर बदलतात की ट्रॉम्बोनवादक कर्टिस फुलरने ऐनवेळी असलं काही वाजवायला लावल्याची कुरकुर केली, त्यावरूनच नाव पडलं म्हणे. तालीम होऊनही ही गत!

ध्वनिमुद्रणाचा दिवस 15 सप्टेंबर 1957, रविवार. जागा न्यू जर्सीतल्या हॅकेन्सॅकची: ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरच्या आईवडिलांच्या घराचा दिवाणखाना. व्हॅन गेल्डर पेशाने चष्म्याचे नंबर काढणारा, पण त्याच्या माइकची किमया अशी की ड्रमच्या झांजा आजही कानाशी वाजल्यासारख्या वाटतात. पियानोवर केनी ड्रू होता. बासवर पॉल चेंबर्स आणि ड्रमवर फिली जो जोन्स, दोघेही डेव्हिसच्या पंचकातले. ट्रम्पेटवर ली मॉर्गन, वय अवघं 19. पहिल्या सोलोत, म्हणजे एकट्याने वाजवायच्या भागात, कोल्ट्रेन दार ढकलून आत शिरतो आणि त्यानंतर हा पोरगा जराही न बिचकता उभा राहतो.

शीर्षक-रचनेतला पियानोचा सोलो मात्र त्याच रचनेच्या दुसऱ्या टेकमधून, म्हणजे वेगळ्या वेळच्या ध्वनिमुद्रणातून, कापून जोडलेला आहे. एरवी हे कानाला कळत नाही.

रेकॉर्ड 1958 मध्ये आली. ब्लू नोटसाठी कोल्ट्रेनने स्वतःच्या नावावर केलेली ही एकमेव. मुखपृष्ठावर निळसर छायेत कोल्ट्रेन विचारात गढलेला दिसतो, हात ओठांशी नेलेला. ब्लू नोटच्या फ्रान्सिस वुल्फने हा फोटो टिपला तेव्हा कोल्ट्रेनच्या तोंडात लॉलिपॉप होता.