विरजण कोणाच्या घरचे?

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातील आमच्या घरी दह्याचे विरजण आईच्या काळापासून चालत आले आहे, असे आम्ही पाहुण्यांना मोठ्या अभिमानाने सांगतो. प्रत्यक्षात दही बिघडले की वाटी घेऊन शेजारच्या गुजराती घरी मेळवण मागायला जावे लागते, त्यामुळे आजच्या दह्यात आईच्या विरजणाचे किती आणि शेजाऱ्यांचे किती, हे कोणालाही सांगता येणार नाही. हा विषय आठवण्याचे कारण माझी भाची. ती येथेच जीवशास्त्रात संशोधन करते आणि मानवी भ्रूण मूलपेशींपासून चेतापेशी कशा तयार होतात हे तिला पाहायचे आहे. कोणती सेल लाइन घ्यावी या विचारात तिचे तीन आठवडे गेले, हे ऐकून जेवणाच्या पानावर तिचे वडील म्हणाले, “स्टेम सेल म्हणजे स्टेम सेल. त्यात निवड कसली करायची?” हा समज इतका सार्वत्रिक आहे की त्याचे उत्तर सविस्तर लिहावेसे वाटले.

गर्भधारणेनंतर पाच-सहा दिवसांनी भ्रूण हा शंभर-दोनशे पेशींचा एक पोकळ गोल असतो आणि त्याला ब्लास्टोसिस्ट म्हणतात. त्याच्या आत एका बाजूला पेशींचा लहानसा पुंजका असतो, ज्यापासून पुढे संपूर्ण शरीर घडते. याच पेशी बाहेर काढून बशीत वाढवल्या की त्यांना भ्रूण मूलपेशी, म्हणजेच एम्ब्रियोनिक स्टेम सेल, म्हणतात. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात शिल्लक राहिलेले आणि जोडप्यांनी संमतीने संशोधनाला दिलेले भ्रूण घेऊन अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स थॉमसन यांनी असे १४ पुंजके वेगळे केले आणि त्यांतून ५ पेशीवंश उभे राहिले. हे संशोधन १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. एच १, एच ७, एच ९, एच १३ आणि एच १४ ही त्यांची नावे. पेशीवंश, म्हणजेच सेल लाइन, याचा अर्थ एकाच भ्रूणातून निघालेली आणि बशीत विभाजित होत राहून पिढ्यान्‌पिढ्या चालवली जाणारी पेशींची वसाहत. बशी भरली की पेशी सोडवायच्या, त्यांतील थोड्या नव्या बशीत घालायच्या आणि उरलेल्या गोठवायच्या किंवा टाकून द्यायच्या. या क्रियेला पॅसेज म्हणतात. काल लावलेल्या दह्यातील चमचाभर आजच्या दुधात घालण्यापेक्षा ती फारशी वेगळी नाही.

आज जगात असे शेकडो पेशीवंश नोंदलेले आहेत, तरीही शोधनिबंध चाळले तर एच १ आणि एच ९ हीच नावे पुन्हा पुन्हा भेटतात. ते सर्वोत्तम ठरले म्हणून असे झाले, असे मानण्याचे कारण नाही. ९ ऑगस्ट २००१ रोजी अध्यक्ष बुश यांनी जाहीर केले की त्या दिवसापर्यंत तयार झालेल्या पेशीवंशांवरील संशोधनालाच अमेरिकी केंद्र सरकारचा पैसा मिळेल. त्या वेळच्या यादीत ६४ पेशीवंश होते आणि त्यांपैकी १० भारतातील होते, ७ मुंबईतील रिलायन्स लाइफ सायन्सेसचे आणि ३ बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राचे. पण मागवल्यावर खरोखर हाती येतील असे पेशीवंश शेवटी वीस-बावीसच निघाले आणि त्यांत भारतातला एकही नव्हता. हा निर्बंध २००९ मध्ये उठला. तोपर्यंत संशोधकांची एक पिढी एच ९ वर हात बसवून मोकळी झाली होती आणि प्रत्येक नव्या पद्धतीची तुलना त्याच्याशीच होऊ लागली होती.

सर्व पेशीवंश सारखे नसतात, हे याच काळात स्पष्ट झाले. हार्वर्डमधील डग्लस मेल्टन यांनी खासगी निधीतून १७ पेशीवंश तयार केले होते. २००८ मध्ये त्या सर्वांची एकाच पद्धतीने तुलना केली, तेव्हा ह्यूज ८ स्वादुपिंडाच्या पेशींकडे सहज वळतो आणि ह्यूज ३ हृदयाच्या स्नायूपेशींकडे, असे आढळले. काही जनुकांच्या अभिव्यक्तीतील, म्हणजे ती किती प्रमाणात कार्यरत आहेत यातील, फरक तर शंभरपटीहून अधिक होता. लिंगाचा प्रश्नही आहे. एच १ पुरुष वंशाचा आहे आणि एच ९ स्त्री वंशाचा. स्त्रीच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक गप्प बसवलेले असते, पण बशीत दीर्घ काळ वाढवल्यावर हे मौन काही ठिकाणी ढासळते आणि बंद असायला हवीत अशी जनुके बोलू लागतात. एक्स गुणसूत्रावरील जनुकाच्या आजाराचा अभ्यास करणाऱ्याला ही गोष्ट विसरून चालत नाही. वांशिकतेचा प्रश्न तर आपल्या जवळचाच आहे, कारण बहुतेक प्रचलित पेशीवंश युरोपीय किंवा पूर्व आशियाई वंशाच्या भ्रूणांचे आहेत. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात तयार झालेले बीजेएनहेम १९ आणि २०, किंवा मुंबईत परळच्या प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेतील काइंड १ आणि २, यांचे महत्त्व या संदर्भात पाहावे.

मात्र ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती वेगळीच आहे. पेशीवंशाचे नाव तेच राहते आणि आतली वसाहत बदलून जाते. हे कसे घडते ते समजून घेण्यासाठी या पेशी किती सहज मरतात येथून सुरुवात करावी लागते. भ्रूणातील पेशीला शेजाऱ्यांचा स्पर्श हवा असतो. पॅसेज करताना पेशी एकमेकींपासून सुट्या झाल्या की स्पर्शाचा संदेश तुटतो, पेशीच्या आतील आकुंचन पावणारे तंतू बेफाम ताणले जातात, पेशीच्या पृष्ठभागावर फुगे उमटू लागतात आणि बहुतेक पेशी काही तासांत आत्मनाश करतात. हा ताण थोपवणारे वाय-२७६३२ नावाचे रसायन जपानी संशोधकांनी २००७ मध्ये वापरून दाखवले, तेव्हा सुट्या केलेल्या पेशींपैकी वसाहत उभारणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १ टक्क्यावरून २७ टक्क्यांपर्यंत गेले. ते आले नसते तर या क्षेत्रातील निम्मे काम अशक्य होते.

आत्मनाशाची किल्ली पेशीतील मायटोकॉन्ड्रियाकडे असते. बॅक्स आणि बॅक ही प्रथिने त्याच्या आवरणाला भोके पाडतात, त्यांतून सायटोक्रोम सी बाहेर येते, त्यामुळे कॅस्पेज नावाची विकरे जागी होतात आणि ती पेशीची आतून चिरफाड करतात. भ्रूण मूलपेशी या टोकाच्या इतक्या जवळ उभ्या असतात की, २०१२ मध्ये दिसून आल्याप्रमाणे, काही पेशीवंशांत बॅक्स आधीच सक्रिय रूपात गॉल्जी पिंड या पेशीच्या आतील दुसऱ्या भागात सज्ज असते. इशारा मिळताच ते मायटोकॉन्ड्रियाकडे धाव घेते. यामागचा तर्क समजण्यासारखा आहे. ज्या पेशीपासून संपूर्ण शरीर घडायचे तिचा डीएनए बिघडला असेल, तर तिने लगेच बाजूला होणेच भ्रूणाच्या हिताचे असते. या सगळ्यावर लगाम ठेवणारे प्रथिन म्हणजे बीसीएल-एक्सएल. ते बॅक्सला भोके पाडू देत नाही. त्याचे जनुक २० व्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर, मध्यबिंदूपासून फार दूर नाही अशा ठिकाणी आहे. विभाजनात चूक होऊन तो तुकडा दुप्पट झाला, तर त्या पेशीत बीसीएल-एक्सएल जास्त तयार होते आणि शेजारणी मरत असताना ती वाचते. तिचे विभाजन अधिक वेगाने होते असे नाही. तिला फक्त मरण कमी येते, आणि तेवढे पुरेसे असते.

आता हिशोब करू. समजा, दहा लाख पेशींत अशी एक पेशी आहे आणि प्रत्येक पॅसेजमध्ये तिच्या वंशजांचे इतरांशी असलेले प्रमाण दुप्पट होते. हा दुप्पटीचा आकडा मी सोयीसाठी धरला आहे. दहाव्या पॅसेजला त्यांचा वाटा सुमारे ०.१ टक्का होतो. पंधराव्या पॅसेजला तो ३ टक्क्यांच्या थोडा वर असतो, म्हणजे अजूनही बशीकडे पाहून कोणाला शंका येणार नाही. विसाव्या पॅसेजला निम्मी बशी त्यांची असते आणि पंचविसाव्याला ९७ टक्के. एक पॅसेज पाच-सहा दिवसांचा धरला तर चार-पाच महिन्यांत जुनी वसाहत जवळजवळ नाहीशी झाली, आणि नळीवर मात्र तेच जुने नाव. डार्विनची नैसर्गिक निवड बेटांवर आणि पक्ष्यांच्या चोचींत शोधायची सवय आपल्याला शाळेने लावली आहे. ती येथे तळहाताएवढ्या बशीत, शाळेचे एक सत्र संपायच्या आत पूर्ण होते.

ही केवळ कागदावरची भीती नाही. ३८ प्रयोगशाळांनी एकत्र येऊन १२५ भ्रूण मूलपेशीवंश तपासले आणि २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बहुतेक पेशीवंशांची गुणसूत्रे शाबूत होती, पण जेथे बदल झाले तेथे १, १२, १७ आणि २० हीच गुणसूत्रे पुन्हा पुन्हा आढळली. २० व्या गुणसूत्रावरील हा लहान तुकडा तर सुमारे पाचांतील एका पेशीवंशात वाढलेला होता. पुढे २०१७ मध्ये १४० पेशीवंशांच्या जनुकांचे वाचन झाले, तेव्हा पाच पेशीवंशांत पी ५३ या कर्करोगाला अटकाव करणाऱ्या जनुकात बिघाड सापडला. वाढलेला २० व्या गुणसूत्राचा तुकडा असलेल्या पेशी चेतापेशींकडे वळायला नाखूश असतात, असेही दिसून आले आहे. आमच्या भाचीला त्याच तर हव्या आहेत.

मग तपासणी का करत नाहीत? करतात, पण तपासणीलाही मर्यादा आहेत. गुणसूत्रांना रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे पट्टे पाहण्याच्या नेहमीच्या पद्धतीत डीएनएच्या साधारण पन्नास लाख अक्षरजोड्यांहून लहान बदल नजरेतून सुटतो, आणि हा तुकडा अनेकदा त्याहून लहान असतो. शिवाय साधारणतः २० पेशी मोजल्या जातात. बदललेल्या पेशी ५ टक्के असतील तर त्या विसांत एकही न सापडण्याची शक्यता ३६ टक्के आहे. पेशीवंशाची ओळख पटवणारी डीएनए चाचणी नळीत एच ९ च आहे एवढे सांगेल. तो एच ९ कोणत्या अवस्थेत आहे, हे तिला कळत नाही. त्यासाठी त्या विशिष्ट तुकड्याची वेगळी चाचणी करावी लागते. याच्या जोडीला मायकोप्लाझ्मा हा सूक्ष्म जिवाणू आहेच. तो गाळणीतूनही निसटतो आणि पोषकद्रव जराही गढूळ होऊ देत नाही.

येथे थोडे विषयांतर करतो. २०१९ च्या जानेवारीत जालंधर येथे भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये एका कुलगुरूंनी शंभर कौरवांचा जन्म हा मूलपेशी तंत्रज्ञानाचा पुरावा असल्याचे सांगितले. महाभारतातील कुंडांत तूप होते. ज्या पेशी शेजारीण दूर झाली तरी जीव सोडतात आणि ज्यांना रोज नवे पोषकद्रव लागते, त्यांनी तुपात दोन वर्षे काढली असे मानायचे असेल, तर काव्याचा आनंद घ्यावा आणि प्रयोगशाळेला त्यात ओढू नये. आधुनिक भोंदूगिरीही याहून फार वेगळी नाही. सफरचंदाच्या मूलपेशींची क्रीम आणि गुडघ्यापासून मधुमेहापर्यंत सर्वांवर एकच मूलपेशी-इंजेक्शन विकणारे दवाखाने कोणत्या पेशी आणि कितव्या पॅसेजच्या, हे कधीच सांगत नाहीत. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्तजनक मूलपेशींच्या प्रत्यारोपणापलीकडचा मूलपेशींचा उपचार फक्त रीतसर वैद्यकीय चाचणीतच करता येतो.

त्याच तत्त्वांनुसार आधीच स्थापित झालेल्या पेशीवंशांवर बशीत काम करण्यास मुभा आहे, मात्र संस्थेच्या मूलपेशी संशोधन समितीची मान्यता लागते. भाचीचा अर्ज सध्या तेथे आहे. दरम्यान दुसऱ्या शहरातील एका ओळखीच्या प्रयोगशाळेने तिला एच ९ ची नळी फुकट देऊ केली होती. नळीवर नाव ठळक होते, पॅसेजचा आकडा मात्र द्रवरूप नायट्रोजनच्या उणे १९६ अंशांत राहून पुसट झाला होता; ५८ असेल किंवा ८८. अधिकृत पेशीपेढीतून मागवलेल्या नळीसोबत पॅसेज क्रमांक आणि गुणसूत्र तपासणीचा दाखला येतो, पण त्यासाठी पैसेही लागतात आणि करारांच्या कागदांत काही महिने जातात. तिने पेढीतूनच दोन पेशीवंश मागवायचे ठरवले आहे, एक पुरुष आणि एक स्त्री वंशाचा. आल्या आल्या त्यांच्या वीस-वीस नळ्या गोठवायच्या आणि कोणतीही बशी पंधरा पॅसेजच्या पुढे न नेता पुन्हा गोठवलेल्या नळीकडे परतायचे, असा तिचा बेत आहे. फुकटच्या नळीलाही तिने नकार कळवलेला नाही. “मान्यता आली की आधी तीच वितळवेन, मामा,” ती म्हणाली. “पेशी सोडवायला हात बसायला हवा, आणि त्या मेल्या तरी वाईट वाटणार नाही.”