सशाचे दात : घरी काय बघाल, डॉक्टरांकडे कधी न्याल

आमच्या दुकानातून गवत-खुराक नेणारे बरेच ग्राहक सशाचा ओठ वर करून विचारतात, "दात ठीक आहेत ना याचे?" पुढचे दात ठीक असतातही. पण सशाला दात असतात 28, आणि त्यातल्या 22 दाढा गालांच्या आत दडलेल्या. बरीचशी दुखणी तिथेच सुरू होतात. त्यामुळे तोंडात डोकावण्याआधी खाण्यावर आणि लेंड्यांवर लक्ष ठेवा.

सशाचे सगळे दात आयुष्यभर वाढत राहतात, पटाशीचे दात तर आठवड्याला साधारण 2 मिलिमीटर. गवत चावताना जबडा आडवा फिरतो, दाढांवर दाढा घासतात आणि वाढ आपोआप झिजते. पोळी, बिस्किट, भिजवलेले हरभरे किंवा नुसत्या खुराकाच्या गोळ्यांना तेवढं चावावंच लागत नाही. मग दाढांना टोकदार कडा येतात. खालच्या कडा जिभेत रुततात, वरच्या गालात. लाकडी खेळणी आम्हीही विकतो, पण खरं सांगायचं तर त्यांनी दाढा झिजत नाहीत. रोजच्या खाण्यात पाच हिश्शांतले चारांहून जास्त गवत हवं. गाजर बोटाच्या पेराएवढं पुरे.

दात दुखणारा ससा एकदम खाणं सोडत नाही, म्हणूनच फसायला होतं. वाटी दिसली की धावत येतो, कोथिंबीर संपवतो, पण गवताची काडी उचलून दोनदा चावतो आणि टाकून देतो. घरचे म्हणतात, उकाड्यामुळे असेल. अशा वेळी हनुवटीखाली हात फिरवा. केस ओले किंवा चिकट लागले तर लाळ गळते आहे. पुढच्या पायांची आतली बाजूही बघा, तोंड पुसून पुसून तिथले केस गुठळलेले असतात. एकाच डोळ्यातून सतत पाणी येत असेल तर ते नुसतं डोळ्याचं दुखणं समजू नका. अश्रूंची नळी वरच्या दातांच्या मुळांजवळून जाते.

आठवड्यातून एकदा ससा मांडीवर टॉवेलमध्ये गुंडाळून घ्या. उताणा धरू नका, मागचे पाय लोंबकळू देऊ नका, झटका देऊन तो स्वतःचा कणा मोडून घेऊ शकतो. ओठ हलकेच बाजूला करा. वरचे पटाशीचे दात खालच्यांच्या किंचित पुढे हवेत. वरच्या दातावर मधोमध उभी खाच असतेच, ती पाहून घाबरू नका. आडव्या रेघा, पिवळट रंग किंवा बाहेर वळलेला दात मात्र दाखवायला हवा. मग दोन्ही हातांनी जबड्याची खालची कड एकाच वेळी चाचपा, एका बाजूला गाठ लागते का बघा. शेवटी वजन करा आणि लिहून ठेवा. दुकानातला काटा त्यासाठी मोकळा असतो, पैसे नाहीत. बुटक्या तोंडाच्या आणि लोंबत्या कानांच्या सशांकडे जास्त लक्ष द्या.

वाढलेला दात नेलकटरने कापू नका. दात उभा चिरतो, मुळापर्यंत तडा जातो आणि पू होतो. डॉक्टर तो यंत्राने घासून कमी करतात. दाढा नीट बघायच्या तर बहुधा भूल आणि एक्स-रे लागतो. घरातलं उरलेलं अमॉक्सिसिलिन चुकूनही पाजू नका, पोटात गेलं तर सशाच्या जिवावर बेतू शकतं.

ससा 12 तास काहीच खात नसेल किंवा लेंड्या थांबल्या असतील तर रात्र आहे म्हणून थांबू नका, आतडी बंद पडत असतात. फोनवर आधी विचारा, डॉक्टर ससे बघतात का. सगळे बघत नाहीत. भुलेआधी उपाशी ठेवायला कुणी सांगितलं तर पुन्हा विचारून घ्या. सशाला उलटी होत नाही, त्यामुळे कुत्र्या-मांजरांचा तो नियम त्याला लागू नाही. नेहमीचं गवत पिशवीत घालून बरोबर न्या.