बिनपगारी प्राध्यापकी: मारिया गोपर्ट-मायर

अणुकेंद्राची कवच-रचना, म्हणजे त्यातले प्रोटॉन-न्यूट्रॉन ऊर्जेच्या ठरावीक थरांत (कवचांत) बसतात ही मांडणी, आज पदवीच्या वर्गात दोन-तीन तासिकांत शिकवून होते. ती मांडणाऱ्या मारिया गोपर्ट-मायर यांना पूर्ण पगाराची प्राध्यापकी मात्र १९६० साली मिळाली, डॉक्टरेटनंतर तब्बल ३० वर्षांनी.

डॉक्टरेट जर्मनीतल्या गॉटिंगेन विद्यापीठाची, भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स बॉर्न यांच्या हाताखाली. एकच अणू एका दमात दोन फोटॉन (प्रकाशाचे कण) शोषू शकतो, हे त्यांनी त्या प्रबंधात दाखवलं. प्रयोगानं ते सिद्ध व्हायला १९६१ साल आणि लेसर यावा लागला. १९३० मध्येच रसायनशास्त्रज्ञ जोसेफ मायर यांच्याशी लग्न झालं आणि दोघं अमेरिकेत बाल्टिमोरला आली. नवरा-बायको दोघांना एकाच विद्यापीठात नेमायचं नाही, असा तेव्हाचा दंडक. त्यामुळे पती प्राध्यापक आणि त्या तिथेच जवळपास फुकट काम करणाऱ्या. १९४६ मध्ये शिकागोत पद मिळालं, तेही बिनपगारी. अर्धवेळ पगार मिळे तो शिकागोजवळच्या आरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेतून. हा अन्याय होता, त्याला दुसरा शब्द नाही.

मोठं काम याच काळातलं. प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन २, ८, २०, २८, ५०, ८२ वा १२६ असले की अणुकेंद्र विशेष स्थिर असतं. कथिलच घ्या: प्रोटॉन ५० आणि स्थिर समस्थानिकं (प्रोटॉन तेवढेच, न्यूट्रॉन वेगळे अशी रूपं) १०, शेजारच्या अँटिमनीची फक्त दोन. हे ‘जादुई अंक’ येतात कुठून? साध्या गणितातून २० पर्यंतचे निघत, पुढचे जुळत नसत. एकदा भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फेर्मी मारियांच्या खोलीतून बाहेर पडता पडता विचारून गेले, स्पिन-ऑर्बिट जोडणीची, म्हणजे कणाची स्वतःभोवतीची गिरकी आणि त्याचं कक्षेतलं फिरणं यांच्यातल्या संबंधाची, काही खूण दिसते का? मारियांना उत्तर जागच्या जागी दिसलं. त्या ते वॉल्ट्झ नाचाच्या उदाहरणानं समजावत: जोड्या दालनाभोवती फिरतात आणि स्वतःभोवतीही गिरक्या घेतात, एका दिशेची गिरकी सोपी जाते, उलटी जड. तसाच कणांच्या ऊर्जेत फरक पडतो आणि कवचं नेमकी त्या आकड्यांवर भरतात.

१९४९ मध्येच जर्मनीत भौतिकशास्त्रज्ञ हान्स येन्सेन आणि त्यांचे सहकारी स्वतंत्रपणे याच उत्तराशी पोचले. पुढे येन्सेन आणि मारियांनी मिळून १९५५ मध्ये या विषयावर पुस्तक लिहिलं. श्रेयावरून भांडण्याऐवजी एकत्र लिहिण्याचा हा मनाचा मोठेपणा मला त्या शोधाइतकाच मोलाचा वाटतो.

पूर्ण पगार मिळाला तो सॅन डिएगोत. तिथे पोचल्यावर थोड्याच दिवसांत त्यांना पक्षाघाताचा झटका आला, तरी शिकवणं त्यांनी सोडलं नाही. १९६३ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचा अर्धा भाग त्या आणि येन्सेन यांच्यात वाटला गेला, उरलेला अर्धा भौतिकशास्त्रज्ञ यूजीन विग्नर यांना मिळाला.